आधी लिहायला शिकवा, मग टक्के मोजा

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू, अधिष्ठाता आणि पदव्युत्तर अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य यांस

विषय : एमए, एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय लेखन शिकवण्याबाबत

महोदय, महोदया,

राज्यात 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा नवा आराखडा लागू झाला. दोन वर्षांचे 88 क्रेडिट. त्यात पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धतीचे चार, तिसऱ्याला संशोधन प्रकल्पाचे चार आणि चौथ्याला सहा. प्रकल्पाला दहा क्रेडिट देण्याचा निर्णय चांगलाच होता, त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण हे दहा क्रेडिट शेवटी ज्या लघुप्रबंधावर तपासले जातात, तो लिहायचा कसा हे शिकवण्यासाठी बहुतेक विषयांच्या वेळापत्रकात स्वतंत्र तासिकाच नाही. या आराखड्यातल्या पहिल्या तुकड्या 2025 मध्ये बाहेर पडल्या. त्यांचे लघुप्रबंध विभागांच्या कपाटांत आहेत. कुठलेही दहा काढून फक्त पद्धती आणि निष्कर्ष ही दोन प्रकरणे वाचावीत, एवढी पहिली विनंती.

मी पदव्युत्तर वर्गांना शिकवतो, प्रकल्पांना मार्गदर्शन करतो आणि एक्स्टर्नल म्हणून इतर महाविद्यालयांचे लघुप्रबंध तपासतो. हे पत्र आवक क्रमांक घेऊन फाइलला लागू नये, म्हणून जाहीर लिहितो आहे. शिवाय ज्यांच्या माथी सगळा दोष मारला जातो त्या विद्यार्थ्यांनीही ते वाचावे असे वाटते.

हा विषय काढला की 'मुलांचे इंग्रजी कच्चे आहे' हे उत्तर ठरलेले. असेलही कच्चे. पण दुखणे दुसरीकडे आहे, ते एका उदाहरणाने दाखवतो. विहिरींच्या पाण्यावरचा प्रकल्प आपल्याकडे रसायनशास्त्र, पर्यावरण, भूगोल, वनस्पतिशास्त्र, सगळीकडे होतो. त्यातली पद्धत बहुधा एवढ्यावर आटोपते : 'तालुक्यातील निवडक विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करून त्यांचे प्रमाणित पद्धतीने पृथक्करण करण्यात आले.' वाक्यात व्याकरणाची चूक नाही. इंग्रजीत लिहिले तरी नसेल. पण यावरून दुसऱ्या कोणाला ते काम पुन्हा करता येणार नाही. विहिरी किती, आणि 'निवडक' म्हणजे कशावरून निवडल्या? नमुने मे महिन्यात घेतले की पाऊस पडून गेल्यावर? पाणी वरवरचे होते की पंप काही वेळ चालवून मग घेतलेले? बाटली कशाची होती, बर्फात ठेवली होती का, प्रयोगशाळेत किती तासांनी पोचली? नायट्रेट कोणत्या पद्धतीने काढले, कोणत्या तरंगलांबीवर, ब्लँक (नमुन्याशिवायची तुलनेची चाचणी) लावला होता का?

पुढे तक्त्यात येते : नायट्रेट 12 मिग्रॅ प्रतिलिटर. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500:2012 या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा 45 मिग्रॅ प्रतिलिटर आहे आणि ती नायट्रेट या रूपात मोजलेली आहे. तपासणीचे कित्येक संच मात्र आकडा नायट्रोजनच्या रूपात देतात. तो नायट्रेटमध्ये आणायचा तर 4.43 ने गुणावा लागतो. म्हणजे तक्त्यातले 12 नायट्रेटचे असतील तर पाणी मर्यादेच्या खूप आत आणि नायट्रोजनचे असतील तर 53, मर्यादेच्या बाहेर. रकान्याच्या मथळ्यात आकडा कोणत्या रूपात आहे हे न लिहिल्यामुळे गावाने ते पाणी प्यावे की नाही, हेच लघुप्रबंधातून कळत नाही. आणि हा लघुप्रबंध बांधून, सोनेरी अक्षरांत छापून, सह्या-शिक्क्यांनिशी पास झालेला असतो.

त्याच तक्त्यात पीएच 7.326667 असतो. मीटर दोन दशांशांपर्यंतच दाखवतो, पुढची चार स्थळे एक्सेलने सरासरी काढताना दिली. ± चिन्हापुढचा आकडा स्टँडर्ड डेव्हिएशन (मोजमापांची पसरण) आहे की स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता), हे लिहिलेले नसते. नमुने नऊ असतील तर दुसरा पहिल्याच्या एक तृतीयांश येतो, म्हणजे तीच माहिती तिप्पट नेटकी दिसते. खाली 'दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला' असे वाक्य. चाचणी कोणती, प्रत्येक गटात नमुने किती, पीचे मूल्य (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) किती? हे नसेल तर 'लक्षणीय' हे नुसते विशेषण.

यातले काहीही दुरुस्त करायला इंग्रजी सुधारावे लागत नाही. वाचणाऱ्याला काय कळले पाहिजे याचा विचार करून लिहायची सवय लागते आणि ती सवय आपण लावत नाही.

उलट तिच्या विरुद्ध सवय मात्र पद्धतशीर लावतो. अकरावीपासून प्रॅक्टिकलचे जर्नल सुरू होते. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. कृती प्रयोगाच्या आधीच फळ्यावरून किंवा मागच्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलमधून उतरवलेली असते, निरीक्षणे बाजूच्या बाकावरून येतात आणि उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळवून घेतले जाते. गुण अक्षराला, आकृतीला आणि वेळेवर सही घेण्याला. जर्नल सर्टिफाइड नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, पण उतरवलेले असेल तर कोणी विचारत नाही. अकरावी ते टीवाय अशी पाच वर्षे हे केलेल्या मुलाला आपण एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी एकदम सांगतो की आता स्वतःच्या शब्दांत लिही, उतरवलेस तर शिक्षा होईल. त्याला यातले नेमके काय बदलले ते कळत नाही आणि सांगणारेही कोणी नसते. कला शाखेत जर्नल नाही, तिथे झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स हेच काम करतात.

संशोधन पद्धतीचा चार क्रेडिटचा पेपर आहे ना, असे आपण म्हणाल. आहे. त्यात 'अहवाल लेखन' हे बहुधा शेवटचे प्रकरण असते आणि सेमिस्टर संपता संपता दोन तासांत उरकले जाते. मग प्रश्नपत्रिकेत येते : 'चांगल्या संशोधन अहवालाची वैशिष्ट्ये सविस्तर लिहा.' विद्यार्थी दहा वैशिष्ट्ये पाठ करतो, दहाही लिहितो, उत्तम गुण मिळवतो. त्यातले 'संक्षिप्तपणा' हे वैशिष्ट्य तो दीड पान भरून समजावतो. पूर्ण सेमिस्टरमध्ये त्याने स्वतःचा एक परिच्छेदही लिहून कोणाला दाखवलेला नसतो.

पूर्वसंशोधनाचा आढावा घ्या. अमुक यांनी 2015 मध्ये अभ्यास केला, तमुक यांनी 2017 मध्ये अभ्यास केला, अशी एकेका माणसाला एकेक परिच्छेद देत तीस पाने जातात. कोणाचे निष्कर्ष एकमेकांशी जुळतात, कोणाचे विरोधात आहेत, विरोध का असावा आणि आपला प्रकल्प त्यात कुठे बसतो, याबद्दल अवाक्षर नसते. यादीतले निम्मे संदर्भ मूळ लेख न पाहता दुसऱ्याच्या यादीतून उचललेले असतात. एखाद्याने पान क्रमांक चुकवला असेल तर तीच चूक पुढच्या पाच लघुप्रबंधांत जशीच्या तशी सापडते.

आता टक्क्यांचे प्रकरण, कारण माझा खरा आक्षेप इथे आहे. लघुप्रबंधातला किती मजकूर इतरांच्या मजकुराशी जुळतो, ते सॉफ्टवेअर टक्क्यांत सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहित्यचौर्याविषयीच्या 2018 च्या विनियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. 10 ते 40 टक्क्यांना जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचे, 40 ते 60 असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, 60 च्या वर नोंदणी रद्द. हा भाग सगळ्यांना पाठ आहे. त्याच विनियमांत संस्थांवरही जबाबदाऱ्या टाकल्या आहेत : श्रेय कसे द्यावे हे विद्यार्थ्यांना शिकवणे, दर सेमिस्टरला त्यासाठी कार्यक्रम घेणे, पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रामाणिक लेखनाची तत्त्वे सक्तीचा भाग म्हणून घालणे. शिक्षेचे कलम आपण पहिल्या दिवसापासून अमलात आणले. शिकवण्याचे कलम किती विभागांत अमलात आले, ते आपणच तपासावे.

आणि टक्का सांगतो तरी काय? 80 पानांच्या लघुप्रबंधात 9 टक्के म्हणजे सातेक पाने. ती सलग कोणाची तरी उचलली असतील तरी अहवाल 'मान्य' आहे. दुसऱ्या विद्यार्थ्याने ठरलेली पद्धत ठरलेल्या शब्दांत लिहिली, कायद्याची कलमे दिली, म्हणून 14 टक्के आले तर तो गुन्हेगार. वास्तविक प्रमाणित संज्ञा, समीकरणे, कायदे, संदर्भसूची आणि सर्वसामान्य माहितीतले सलग 14 शब्दांपर्यंतचे साम्य वगळायचे, असे विनियमच सांगतात. पण त्यासाठी अहवाल उघडून वाचावा लागतो. आपल्याकडे पहिल्या पानावरचा आकडा वाचला जातो.

यातून मुलांनी आकडा खाली आणायची कला शिकून घेतली. शब्द फिरवून देणारी सॉफ्टवेअरे फुकट मिळतात. त्यांच्या कृपेने जगभरच्या छापील लेखांत 'ब्रेस्ट कॅन्सर'चा 'बोझम पेरिल' आणि 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चा 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेला सापडला आहे. साम्य शून्य, अर्थही शून्य. माझ्या मते मूळ वाक्य अवतरणचिन्हांत उचलून खाली नाव देणारा मुलगा यापेक्षा कितीतरी बरा.

मराठीत लिहिणाऱ्यांची स्थिती तर आणखी विचित्र आहे. नेटवर नसलेल्या छापील पुस्तकातली वीस पाने उतरवली किंवा इंग्रजी लेखाचे थेट मराठी भाषांतर केले, तर साम्य जवळपास शून्यच दिसते. त्यातच अनेक लघुप्रबंध डीटीपीवाल्याकडे जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव फाँटमध्ये टाइप होतात. या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. सॉफ्टवेअरला तो मजकूर निरर्थक वाटतो आणि उद्या कोणी शोधायला गेले तर गूगललाही सापडत नाही. म्हणजे चोरी पकडली जात नाही आणि चांगले कामही कोणाला दिसत नाही. शिवाय मराठी संदर्भ द्यायचे कसे, यावर एकवाक्यता नाही. आडनाव आधी की नाव, आधी आलेल्या ग्रंथाचा पुन्हा उल्लेख करताना 'उनि' चालेल का, अनुवादकाचे नाव कुठे, जुन्या ग्रंथावर फक्त शके असेल तर काय करायचे (78 मिळवून इसवी सन काढायचा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत 79, आणि दोन्ही द्यायचे), हे प्रत्येक मार्गदर्शक आपापल्या पद्धतीने सांगतो आणि एक्स्टर्नल वेगळ्याच पद्धतीने खोडतो.

एआयबद्दल थोडक्यात. विद्यार्थी वापरत आहेत, वापरणार. धोका भाषेपेक्षा संदर्भांत जास्त आहे : अस्तित्वातच नसलेले लेख, खऱ्या लेखकांच्या नावावर. यावर उपाय म्हणून आता काही ठिकाणी एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची चर्चा सुरू आहे. कृपा करून तो खर्च करू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपले ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे साधे, सरळ इंग्रजी अशी साधने यंत्राचे ठरवतात, हेही त्याच वर्षी एका अभ्यासात दिसले. त्याचा फटका आपल्याच मुलांना बसेल.

मार्गदर्शकांना दोष देणे सोपे आहे, पण हिशेब करून पाहा. साठ पानांचा मसुदा नीट वाचून शेरे लिहायला चार तास तरी लागतात. बारा विद्यार्थी, दोन वाचने, म्हणजे 96 तास. हे तास कार्यभाराच्या तक्त्यात कुठे आहेत? पदे रिक्त, अर्धा विभाग तासिका तत्त्वावर. साहजिकच मसुदा शेवटच्या आठवड्यात येतो आणि मुखपृष्ठावरचे स्पेलिंग तपासून सही होते.

'पीएचडीला शिकतील की' हेही ऐकू येते. पीएचडीसाठी आयोगाने 2019 मध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा सक्तीचा पेपर आणला. 2022 च्या विनियमांत विषयाशी संबंधित अध्यापन आणि लेखनाच्या प्रशिक्षणाचाही उल्लेख आहे. पण एमए-एमएस्सी झालेली बहुतेक मुले पीएचडीला जात नाहीत. ती औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागात डेव्हिएशन रिपोर्ट, म्हणजे ठरलेल्या पद्धतीत कुठे फरक पडला याचे अहवाल लिहितात, स्वयंसेवी संस्थेत सर्वेक्षणाचे अहवाल लिहितात. तिथे कोणी टक्का विचारत नाही. काय झाले, कधी झाले, कशावरून म्हणता, हे विचारतात.

यावर काय करावे, ते मागतो.

पहिली मागणी संशोधन पद्धतीच्या पेपरची. त्याचे 60 तास आहेत. नवे क्रेडिट नको, नवा पेपर नको. यातले 30 तास प्रत्यक्ष लेखनाला द्यावेत आणि त्या भागाची लेखी परीक्षा न घेता विद्यार्थ्याने सेमिस्टरभर लिहिलेल्या कामाची फाइल तपासावी. फाइलमध्ये पाच गोष्टी पुरेत. छापील लेखाचा सारांश झाकून तो लेख वाचायचा, 250 शब्दांत स्वतः सारांश लिहायचा आणि मग मूळ सारांशाशी ताडून पाहायचा. प्रॅक्टिकलमधल्या एका प्रयोगाची पद्धत अशी लिहायची की वर्गातला दुसरा विद्यार्थी फक्त तो कागद हातात घेऊन प्रयोग करू शकेल. जिथे तो अडून विचारायला येईल, तिथे लेखन अपुरे. एक तक्ता आणि एक आलेख, एककांसह आणि मजकूर न वाचता समजतील अशा मथळ्यांसह. पाच लेखांचा मिळून 600 शब्दांचा आढावा, अट एकच : कोणताही परिच्छेद लेखकाच्या नावाने सुरू करायचा नाही. या एका अटीने 'अमुक यांनी, तमुक यांनी'ची रांग मोडते, कारण मग परिच्छेद मुद्द्यानेच सुरू करावा लागतो. पाचवी, संदर्भ नोंदवून ठेवणाऱ्या झोटेरोसारख्या मोफत साधनात केलेली वीस संदर्भांची यादी, प्रत्येक संदर्भाचा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून तपासलेला. प्रत्येक काम दोनदा लिहून घ्यावे आणि गुण दुसऱ्या मसुद्याला द्यावेत, पहिल्यावर फक्त शेरे. भाषाविषयांत आणि सामाजिक शास्त्रांत प्रयोगाच्या जागी मुलाखतीची किंवा हस्तलिखित पाहण्याची पद्धत येईल, बाकी फरक नाही.

दुसरी, चौथ्या सेमिस्टरच्या प्रकल्पाचे अंतर्गत गुण टप्प्यांना जोडावेत. चौथ्या आठवड्यात पद्धती (तोपर्यंत काम सुरू असते, तपशील ताजे असतात), आठव्यात तक्ते आणि आलेख, दहाव्यात त्यांच्यावरून निष्कर्ष, बाराव्यात चर्चा, मग प्रस्तावना आणि सर्वांत शेवटी सारांश. आज मुले प्रस्तावनेपासून सुरू करतात आणि तिथेच उतरवायला लागतात, कारण तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचे सांगण्यासारखे काहीच नसते.

तिसरी, साम्याचा टक्का हा एकटा निकष रद्द करावा. पूर्ण अहवाल मार्गदर्शकाने विद्यार्थ्यासमोर बसून पाहावा आणि कोणते साम्य का चालते, कोणते का नाही, याची अर्ध्या पानाची टिपणी जोडावी. टिपणीशिवायचा अहवाल परीक्षा विभागाने स्वीकारू नये. एआय कुठे आणि कशासाठी वापरले, याचे एक घोषणापत्र असावे. खोटा संदर्भ सापडला तर कारवाई जरूर करावी, तो पकडायला सॉफ्टवेअर लागत नाही.

चौथी, मराठी लघुप्रबंधांना युनिकोड (ज्यात देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवली जातात) सक्तीचे करावे. सर्व विद्यापीठांच्या मराठी, इतिहास आणि समाजशास्त्राच्या अभ्यास मंडळांनी एकत्र बसून मराठी संदर्भांची चार पानी नियमावली ठरवावी, आणि पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आधार मानावेत. कोश पटले नाहीत तर वेगळा शब्द का वापरला, ते विद्यार्थ्याने तळटीपेत लिहावे.

पाचवी, मसुदे वाचण्याचे तास कार्यभारात मोजावेत आणि लेखन शिकवण्यासाठी शिक्षकांचे प्रशिक्षण मालवीय मिशन या शिक्षक प्रशिक्षण योजनेच्या केंद्रांमधून घ्यावे. आम्हालाही हे कोणी शिकवलेले नाही. आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली. आता नियतकालिक खरे की पैसे घेऊन चार दिवसांत छापणारे, हे ओळखण्याची जबाबदारी संस्थांवर आली आहे. या प्रशिक्षणात तेही घ्यावे.

चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेले विद्यार्थी यापुढे एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला येतील. त्यांना लिहायला शिकण्यासाठी आजच्यापेक्षाही कमी वेळ मिळेल, म्हणून हा बदल त्यांच्या आधी व्हायला हवा. पहिल्या तीन मागण्यांना शासनाची परवानगी किंवा निधी लागत नाही, अभ्यास मंडळाचा ठराव आणि विद्यापरिषदेची मंजुरी पुरते. पुढील शैक्षणिक वर्षाचे अभ्यासक्रम संकेतस्थळावर टाकण्यापूर्वी हा विषय विद्यापरिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि यातली कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि का, हे इतिवृत्तात लिहून ते प्रसिद्ध करावे.

कळावे,

एक पदव्युत्तर शिक्षक व परीक्षक